छान झालंय

वत्सलाबाईंनी वरुडात अठ्ठावीस वर्षं खाणावळ चालवली. केमो सुरू झाली आणि त्यांच्या तोंडाची चव गेली. लेक सुरभी करून देईल ते त्या मुकाट्यानं खायच्या आणि "छान झालंय" म्हणायच्या. लिंबू पिळलेलं मुगाचं वरण छान, मोसंबीची कोशिंबीर छान. एकदा सुरभी वरणात मीठच विसरली, तेही छान. त्या दिवशी ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली.

शेवटच्या केमोला दोन महिने होऊन गेले. एका सकाळी सुरभीनं संत्र्याच्या रसात गूळ घालून दलियाचा शिरा केला आणि घाईघाईत वर साल किसली.

पहिल्याच घासाला आईनं चमचा खाली ठेवला.

"सालीचा पांढरा भागही किसलास ना? कडू लागतंय."

"कडू लागतंय?"

"मग! असला शिरा कुणाला वाढू नकोस."

सुरभीनं त्यांना घट्ट मिठीच मारली.

"अगं, सोड," वत्सलाबाई म्हणाल्या, "आणि दुसरं संत्रं काढ. कसं किसायचं ते दाखवते."

भिंतीला धरून त्या सहा महिन्यांनी पहिल्यांदा ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.