मास्तरांची शाबासकी

ज्युदोच्या तालमीत कुणी लढत जिंकली, की ओनोदेरा मास्तर त्या पोराच्या डोक्यावर आपलं डोकं खसाखसा घासत. हीच त्यांची शाबासकी, आणि पोरं तिच्यासाठी जीव तोडून लढत.

छोट्या रेनच्या डोक्यात गजकर्णाचा चट्टा उठला, तेव्हा मास्तरांनी त्याच्या आईलाच फैलावर घेतलं. "मांजर पाळलंय ना घरात? त्याच्यापासूनच लागलं असणार हे!"

"नाही हो मास्तर, एक सोनेरी मासा आहे फक्त."

डॉक्टरांनी तालमीतल्या सगळ्यांच्या डोक्यांवरून ब्रश फिरवून ते तपासणीला पाठवले. "माझंही डोकं तपासा, उगाच कुणी बोलायला नको," मास्तर ऐटीत म्हणाले.

बारापैकी अकरा पोरांच्या डोक्यात गजकर्णाची बुरशी निघाली, आणि सगळ्यात जास्त मास्तरांच्या.

"कित्येक वर्षं मुक्काम असेल तिचा, नुसती दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "आता सगळ्यांनी गोळ्या घ्यायच्या."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "आणि मी मूर्ख त्या माशावरही संशय घेत होतो! पण मग ही त्सुमुगी एकटी कशी वाचली?"

 

त्सुमुगी मान खाली घालून म्हणाली, "मास्तर, मी अजून एकदाही जिंकले नाहीये."