मांजरीचा रॅम्प

अल्माटीत बर्फ पडू लागला, की माझ्या बायकोचं, रौशानचं, बाहेर पडणं बंद. चाकाची खुर्ची निसरड्या पायऱ्यांवरून उतरणार कशी? दाराशी फळ्यांचा रॅम्प टाकू द्या, म्हणून इमारतीच्या कारभारीण गुलजिहानआपांच्या दर हिवाळ्यात विनवण्या केल्या. उत्तर ठरलेलं असायचं. "दाराची शोभा जाते रे, येरकेश."

यंदा मी फळ्या ठोकायला घेतल्याच. आपा तरातरा खाली आल्या.

"पुन्हा सुरू झालं का तुझं?"

"छे हो! ती लंगडी भटकी मांजर जिन्यात उबेला येते ना, तिच्यासाठी करतोय. बर्फात पायऱ्या चढवत नाहीत तिला."

आपा विरघळल्या. "अगंबाई, बिचारी! पण एवढ्या रुंद फळ्या?"

"पोटुशी आहे."

"आणि कठडा कशाला?"

"तोल जातो तिचा."

मांजरीचे पाय गारठू नयेत म्हणून आपांनी घरातला जुना गालिचा आणून स्वतःच्या हातांनी फळ्यांवर अंथरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गालिच्यावरून रौशानची खुर्ची झोकात खाली उतरली. समोर आपा, कमरेवर हात ठेवून उभ्या.

"येरकेश, मांजर कुठंय?"

खुर्चीतून गोड आवाज आला, "म्याव!"