वीणेचा पहारा

"उद्धवच्या हाती वीणा जाणार नाही," भगवंतराव देवळाच्या पायरीवरून म्हणाले. "त्या मोतीरामसंगं मळ्यात नवरा-बायकोवानी राह्यते, अन् इथं हरिनाम घेते? नवं राज्य आलं म्हनून धरम बदलला का?"

उंद्रीच्या सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. उद्धवची आई, सत्यभामाबाई, खांबाला टेकून बैलांच्या घुंगरमाळा चिंचेनं घासत बसली होती. उद्या काल्याला तिच्या भावाचे, हिंमतरावाचे, बैल सजायचे होते.

"देवालेच खपत नाही, तं मी कोन?" ती मान वर न करता म्हणाली.

"काकू, सुनमुख पाह्यलं का नाही?" कचरू म्हणाला. "का नुसत्या मिशाच दिसल्या?"

माणसं खिदळली. सत्यभामाबाईच्या मुठीत माळ करकचली. तान्हा उद्धव याच मांडीवर, याच वीणेच्या सुरावर झोपी जायचा. ती पुन्हा घासू लागली.

"आरती झाली की मळ्यात जाऊ," भगवंतराव म्हणाले. "झोपडी पेटवू, दोघायची धिंड काढू. पन मी पुढं असल्याशिवाय कोनी हात उचलायचा नाही. हे धर्माचं काम हाय."

"पन आरतीनंतरचा पहारा उद्धवचाच होता ना?" सत्यभामाबाईनं विचारलं. "वीणा कोन घेईन?"

सप्ताहात वीणा भुईला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आणि घेणारा उपाशी हवा, हा भगवंतरावांचाच दंडक. आज आपला पहारा नाही म्हणून माणसं तर सकाळीच पिठलं-भाकर खाऊन आली होती.

"तुमीच घ्या, भाऊ. तुमचा तं उपास हाय, अन् तुमच्याइतकं सोवळं कोन हाय गावात?" ती म्हणाली. "हिंमत उपाशीच हाय, त्याले सांगून येते. तो आला की त्याच्या गळ्यात घाला अन् जा."

भगवंतराव सुखावले. आरती झाली. त्यांनी वीणा गळ्यात घेतली. सत्यभामाबाई लगबगीनं गेली आणि थोड्या वेळानं परत येऊन पुन्हा माळा घेऊन बसली.

काठ्या घेऊन माणसं निंबाखाली थांबली. सावली देवळाच्या ओट्यावर चढली. भगवंतरावांचा खांदा भरून आला.

"हिंमत कुठं राह्यला?"

"येऊन राह्यला असंन, भाऊ."

कचरूला धीर धरवेना. "आना, मी धरतो वीणा."

"जेवला ना बे तू? देव बाटवतं का? जाय, हिंमतले घेऊन ये."

कचरू धावत गेला, धावतच परतला. "भाऊ, घराले कुलूप हाय! गाडी नाही, बैलं नाहीत. मळ्याचा रस्ता तं देवळामागूनच हाय, घुंगरं कशी वाजली नाहीत?"

भगवंतरावांची नजर सत्यभामाबाईच्या मांडीवर गेली. घुंगरं लख्ख झाली होती. त्यांचे हात वीणा उतरवायला उचलले गेले आणि दोरीपाशीच थांबले.

"टेकवू नका, भाऊ, नेम मोडंन," ती म्हणाली. "माही दोन्ही लेकरं चिखलीले यष्टीत बसली असतीन आता."