पृथ्वीवरून आलेला अश्मा

वडिलांचा अश्मा घ्यायला हेमांगी पोहोचली, तेव्हा चंद्रावरच्या टपाल कचेरीत भलीमोठी रांग होती. दहाव्यापर्यंत मृताच्या नावाने जपायचा तो दगड थेट त्याच्या गावाहून मागवून द्यायची सोय कचेरीने केली होती. वडील वाईचे. झोपेत, शांतपणे गेल्याचं कचेरीनेच कळवलं होतं.

दगड काळा, जड, बेसाल्टच होता. पण हेमांगी खाणीत खडक तपासायची. सवयीने तिने भिंग लावलं. सह्याद्रीच्या कातळातल्या पोकळ्यांत पाणी झिरपून पांढरे स्फटिक धरतात. या दगडाला जन्मात पाणी शिवलेलं नव्हतं.

"टिपणीस, हा इथलाच दगड आहे."

खिडकीतल्या टिपणीसांनी आवाज खाली आणला. "हळू बोला, बाई. महिना झाला, पृथ्वीवरून कुणी उत्तरच देत नाही. साहेब म्हणाले, एकेका घरी वेगवेगळ्या दिवशी कळवा. एकदम सांगितलं की गोंधळ होतो."

"म्हणजे सगळेच?"

"झोपेत, शांतपणे," टिपणीस म्हणाले. "मजकूर सगळ्यांना एकच आहे."

बाकावर दगड मांडीवर घेऊन बसलेल्या धुमाळकाकांनी तिचं भिंग पाहिलं. "पोरी, तुला खडकांतलं कळतं ना? बघ गं जरा. आमच्या दादाचा आहे. जुन्नरचाच ना?"

हेमांगीने भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"अस्सल जुन्नरचा, काका."

ते ऐकून बाकांवरची सगळी माणसं आपापले दगड सांभाळत उठली आणि तिच्यासमोर नवी रांग लागली.