चासीला गेलेला तडा

"काका, चासीला तडा गेलाय. दोन्ही बाजूंना," गाडीखालून मेकॅनिकबाईंचा आवाज आला.

काकांनी बायकोकडे पाहिलं आणि जवळजवळ समाधानाने म्हणाले, "बघ! निघालो असतो तर?"

निवृत्तीनंतर त्यांनी ही फोर-व्हील-ड्राइव्ह घेतली होती. दोघांनी घाट ओलांडून पलीकडच्या वाळवंटापर्यंत जायचं, असं ठरलं होतं. आधी पुढे लोखंडी बंपर बसला. त्यावर विंच आली, चिखलात रुतलेली गाडी ओढून काढायला. मग टपावर कॅरियर, कॅरियरवर तंबू, मागे दोन स्टेपन्या, पाण्याची टाकी. दर वेळी निघायचा दिवस ठरे आणि दर वेळी काहीतरी बसवायचं राहून जाई. काकूंची बॅग भरलेलीच असे. ऋतू पालटला की त्या आतले कपडे तेवढे बदलत.

मेकॅनिकबाईंनी सगळा भार उतरवला. वाकलेली चासी, म्हणजे गाडीचा भार पेलणारी खालची लोखंडी चौकट, जॅक लावून सरळ केली. तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाला भोक पाडलं, मग तो वेल्डिंगने भरला आणि वरून जाड पट्टी बसवली, दोन्ही बाजूंना तसंच. पट्टीची टोकं तिरकी कापलेली होती. सरळ कापली तर ताण तिथेच साठतो आणि पट्टीशेजारी नवा तडा जातो.

"अजून एक पट्टी मारा," काका म्हणाले. "हयगय नको."

"नको. चासी थोडी लवायलाच हवी. फार ताठ केली की मोडते."

"ऐकलंत?" काकू म्हणाल्या.

मेकॅनिकबाई हात पुसत उठल्या. "असे तडे मी पुष्कळ भरलेत. त्या गाड्यांच्या पोटाला चिखल असतो, दगडांचे ओरखडे असतात. ही तर कोरी आहे. नेली कुठे होती?"

उत्तर काकूंनी दिलं. "दुकानांत. हे सगळं लादून, गतिरोधकांवरून, एका दुकानातून दुसऱ्या दुकानात."

"मग आता खराब रस्त्यावर न्या आणि परत आल्यावर मला दाखवा. त्याशिवाय काम कसं झालंय ते कळायचं नाही. आणि तंबू नि एक स्टेपनी इथेच सोडा. पट्टीने चासी सावरते, पण गाडीची वजन पेलायची मर्यादा वाढत नाही."

"उद्याच निघू की," काका म्हणाले. "फक्त घाटासाठी जादा दिवे बसवले की..."

ते थांबले. बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

"दिव्यांचं काही नाही," ते हळू म्हणाले. "ती वळणं मला जमायची नाहीत. शेजारी तू बसलेली असताना तर नाहीच."

काकूंनी त्यांच्या हातातली चावी काढून घेतली. दार उघडून त्या आत बसल्या आणि सीट पुढे ओढली.

"घाट मी काढते."

"अगं, तुला गाडी कुठे येते?"

"तुम्ही विंच निवडत होतात तेव्हा शिकले. तंबू येईपर्यंत लायसन्सही आलं होतं."