परतीचं बटण

ड्रोन परत निघाला, पण जहाजाकडे नाही. जहाजाला पाठ दाखवून तो मागच्या मोकळ्या समुद्राकडे सुटला.

"अरे, इकडे! इकडे ये!" दीर रिमोटवर खेकसत होता, साखळी सुटलेल्या कुत्र्यावर खेकसावं तसा.

"भाऊजी, परतीचं बटण तुम्हीच दाबलंत ना?" वहिनी म्हणाली.

"दाबलं. घरीच जातोय तो."

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. ड्रोनला जहाज कळत नाही. जिथून उडाला, ती पाण्यावरची जागा हेच त्याचं घर. आणि जहाज ते घर सोडून केव्हाच पुढे आलं होतं.

आठव्या मजल्यावरची बाल्कनी, दुपारचे तीन. नवरा, बायको आणि नवऱ्याचा धाकटा भाऊ रिमोटला लावलेल्या फोनवर वाकून उभे होते. जहाजावर ड्रोनला बंदी. म्हणून यांनी तो सुटा करून आणला होता. पंखे तिच्या पावडरच्या डब्यात, सांगाडा हेअर ड्रायरच्या खोक्यात. तपासणीच्या पट्ट्यावर ते खोकं तिनेच ठेवलं होतं, हसत हसत.

पडद्यावर नुसतं पाणी पळत होतं. मग थांबलं. ड्रोन घरी पोहोचला होता. दिराने कॅमेरा खाली वळवला. निळ्या पाण्यात एक पांढरा ठिपका.

"ते काय?"

"फेस असेल, वहिनी."

"फेसाला हात असतात?"

दिराने ड्रोन खाली घेतला. माणूस होता. पांढरा सदरा, खांद्यावर निळी पट्टी. जहाजावरच्या कामगारांचा असतो तसा. दोन्ही हात वर करून तो ओरडत होता. आवाज येत नव्हता. ड्रोनला कान नसतात.

मग त्याने वर बघितलं आणि ओरडायचं थांबवलं. ड्रोन बघून त्याला वाटलं, आपण सापडलो. तो पाण्यावर पाठ टेकून पसरला आणि हसला. आता येतीलच म्हणून जीव राखत, निवांत.

ती खोलीतल्या फोनकडे धावली. नवऱ्याने मनगट धरलं.

"काय सांगणार आहेस? चोरून ड्रोन आणला म्हणून? पुढच्या बंदरात उतरवतील तिघांना."

"जन्मात परत जहाजावर घेत नाहीत, वहिनी."

"अरे देवा! जन्मात जहाज नाही? मग तुम्ही दोघं भाऊ जगणार कसे?" तिने हात हिसडून सोडवला.

फोनवरची मुलगी गोड बोलत होती. "तुमची खोली जहाजाच्या डाव्या बाजूला आहे, मॅडम. तिथून मागचं पाणी दिसत नाही."

"आमच्याकडे ड्रोन आहे. त्यात दिसतोय. माणूस बुडतोय, बाई! जहाज थांबवा!"

"बाहेर जाऊ नका, मॅडम. खोलीतच थांबा."

तीन मिनिटांत सुरक्षा अधिकारी आला. इस्त्रीचा गणवेश, कमरेला वॉकीटॉकी. त्याने फोन हातात घेतला आणि पडद्यावरच्या माणसाकडे नीट बघितलं. ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं.

"किती मागे आहे?"

"पाचेक किलोमीटर," दीर म्हणाला.

"बॅटरी?"

"नऊ टक्के. संपत आली की तो आपोआप खाली उतरतो."

अधिकारी मान हलवून उभा राहिला. नुसता उभा. वॉकीटॉकीला हातही लावला नाही.

"अहो, बोला ना कोणाशी तरी!" ती ओरडली.

"बघतोय, मॅडम."

आठ. सात. सहा. ड्रोन उतरू लागला. खालच्या माणसाला वाटलं, आपल्यासाठीच उतरतोय. तो हात मारत त्याच्याखाली आला. चेहरा मोठा होत गेला. मिशीवर मिठाचं पाणी, ओठ हलत होते. काहीतरी सांगत होता, एकच शब्द, पुन्हा पुन्हा. नाव असावं, त्याचं किंवा घरच्या कोणाचं. मग तळहाताने पडदा भरला, आणि काळोख.

"संपलं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"संपलं."

त्याने रिमोट आणि फोन पिशवीत टाकले. खिशातून छापील वही काढली. "वस्तू जमा केल्याची पावती. इथे सही करा. प्रवास संपला की सगळं परत मिळेल."

"आणि माणसाची?" ती म्हणाली. "माणसाची पावती कुठाय?"

"सगळे प्रवासी मोजलेत, मॅडम. एकही कमी नाही."

"प्रवासी मोजलेत. आणि राबणारे?"

तो अदबीने हसला. असं हसायला यांना शिकवतात. "जहाज वळवतोय आम्ही. तुम्ही सुट्टीवर आहात, निश्चिंत राहा."

दार लागलं. नवरा पलंगावर बसला, सुटकेचा श्वास टाकला. "ऐकलंस? वळवतायत. आणि आपल्याला एका शब्दानं बोलला नाही. सज्जन माणूस."

काचेच्या दारातून उन्हाचा पट्टा गालिच्यावर पडला होता. ती खाली बसली आणि पट्ट्याच्या कडेवर तिने बोट ठेवलं.

"हे काय आता?"

"एवढं धूड वळलं तर ऊन सरकेल. सरकायलाच पाहिजे."

दीरही तिच्याशेजारी उकिडवा बसला. दोघं बघत राहिले. जहाजाची घरघर तळव्यांना लागत होती, एकसारखी. ऊन बोटाला चिकटून होतं. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"सरकलं का?" नवऱ्याने पलंगावरून विचारलं.

तिचं बोट पट्ट्याच्या कडेवर तसंच होतं.

तो उठला, अनवाणी काचेपर्यंत गेला, आणि त्याने पडदा ओढून घेतला.