शालनताईंचे ठोके

दिगंबरराव सोफ्यावरून खाली घसरले, तेव्हा त्यांचा विम्याचा पट्टा शालनताईंच्या मनगटावर होता. त्या नुकत्याच चालून आल्या होत्या.

सत्तरी ओलांडल्यावर नवरा-बायकोने ‘चालती योजना’ निवडली होती. रोज सहा हजार पावलं चाला, सगळे उपचार मोफत. दिगंबररावांचे गुडघे साथ देईनात, म्हणून तीन वर्षं शालनताईच दोन्ही मनगटांवर दोन पट्टे बांधून सोसायटीला फेऱ्या मारत. “तुमची पावलं नि माझी पावलं काय वेगळी आहेत?” म्हणायच्या.

त्यांनी घाईघाईने पट्टा काढून नवऱ्याच्या घामेजलेल्या मनगटावर बांधला आणि लाल बटण दाबलं. पट्ट्याने कळवल्याशिवाय हल्ली कुठलीच रुग्णवाहिका निघत नसे.

“अहो, येतेय हं गाडी.”

पट्टा बोलला, “हे ठोके दिगंबर शेलार यांचे नाहीत. कृपया पट्टा त्यांनाच बांधा.”

“अरे मेल्या, हेच ते! पन्नास वर्षं ओळखते मी यांना!”

पट्ट्याने तेच वाक्य पुन्हा ऐकवलं. दिगंबरराव म्हणून तीन वर्षं त्याने एकच काळीज ऐकलं होतं.

दिगंबररावांची बोटं गार पडत चालली होती. काहीच सुचेना, तेव्हा शालनताईंनी पट्टा पुन्हा स्वतःच्या मनगटावर चढवला आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

“दिगंबरराव, थोडी धडधड आहे, पण घाबरू नका. तुमचं हृदय ठणठणीत आहे. आजची सहा हजार पावलं पूर्ण झाली, अभिनंदन!”